खडीसाखरेची पुडी आणि माझी सही

अख्ख्या नोकरीत मला एकच लेखी ताकीद मिळाली आणि ती मी कधी लपवलेली नाही. घरी कोणी नवं आलं आणि कामाचा विषय निघाला की मीच ती आधी सांगते. माझा नवरा विलास म्हणतो, लोक बक्षिसं सांगतात आणि तू ताकीद काय मिरवतेस. बक्षिसंही मिळाली की. एक चांगलं जड काचेचं आहे, आमच्या गाझियाबादच्या घरात गच्चीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ते दाराला लावून ठेवते. पण मला स्वतःविषयी काही सांगायचं असेल तर ते त्या ताकिदीतच आहे.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना मी कुरिअर कंपनीत होते असंच वाटतं. परदेशातला ग्राहक आणि आपल्याकडचा दुकानदार यांच्या मधे बसणाऱ्या एका कंपनीत मी होते. ऑफिस नोएडाला. समजा युरोपातल्या एका बाईला कपाटासाठी पितळी मुठी हव्या आहेत. ती मोबाइलवर फोटो बघते आणि पैसे भरते. ते पैसे दुकानदाराला लगेच मिळत नाहीत. पार्सल पोचेपर्यंत कंपनी धरून ठेवते. तेवढ्या काळात दोघंही एकमेकांना घाबरून असतात. तिला वाटतं, हा माणूस खरा आहे की नुसता फोटो? त्याला वाटतं, माल हातात पडल्यावरही ही मिळालाच नाही म्हणाली तर? दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नसतं आणि पुढेही पाहणार नसतात.

म्हणून मी जायचे. पडताळणी अधिकारी असं भारदस्त नाव होतं त्याला. दुकान खरंच आहे का, माणूस तोच आहे का, फोटोतला माल आणि फळीवरचा माल एक आहे का, पार्सल कसं बांधतात, हे सगळं डोळ्यांनी बघायचं, मोबाइलवर चित्रित करायचं आणि मग अहवालाखाली डिजिटल सही करायची. ही सही कागदावरच्या सहीसारखी गिचमिड नसते. पेनड्राइव्हसारखं एक छोटं यंत्र असतं, ते संगणकाला लावायचं, आपला गुप्त आकडा घालायचा, की सही उमटते. ती सही म्हणजे, वर जे लिहिलंय ते या बाईने स्वतः पाहिलं आहे. मी ते यंत्र गळ्यात घालून फिरायचे. ऑफिसातल्या पोरी हसायच्या, मॅडमचं मंगळसूत्र म्हणायच्या. हसू द्यावं.

या कामात माणसं काय काय करतात हे बघून माझी करमणूकही खूप झाली. गाझियाबादमध्येच एकाने चांदीच्या दागिन्यांचं दुकान दाखवलं. गादी, आरसे, काचेचं कपाट, सगळं झकास. उकडत होतं म्हणून मी म्हटलं, भाईसाहब, जरा पंखा लावा. तर हा माणूस भिंतीवरच्या बटणांशी झटापट करायला लागला. दिवा लागला, बाहेरची पाटी उजळली, घंटी वाजली, पंखा काही लागेना. स्वतःच्या दुकानातलं पंख्याचं बटण माणूस अंधारातही दाबतो. दुकान मेहुण्याचं होतं, माझ्यासाठी एका दुपारपुरतं मागून आणलेलं. चहा मात्र चांगला पाजला त्याने.

आणि फसवाफसवी आपल्याकडेच असते असं कोणी समजू नये. परदेशातला एक ग्राहक दर खेपेला रिकामं खोकं आलं अशी तक्रार करायचा आणि पुराव्याला फोटो पाठवायचा. वेगवेगळे दुकानदार, वेगवेगळी खोकी, पण प्रत्येक फोटोत खोक्याशेजारी तेच तपकिरी मांजर. संगणकाने ती खोकी मोजली, मांजर काही बघितलं नाही. मी बघितलं.

आता ताकिदीकडे येते. पहाडगंजमध्ये पितळी सामानाचं एक जुनं ठोक दुकान आहे. कड्या, मुठी, खुंट्या, बिजागऱ्या. दुकान एका वयस्क गृहस्थांचं, सगळे त्यांना पापाजी म्हणतात. त्यांची सून रितू वरच्या माळ्यावर एक टेबल आणि संगणक मांडून परदेशात माल विकायची. सासऱ्यांच्या गल्ल्याशी तिचा काही संबंध नव्हता. खातं तिच्या नावावर, फोटो तिने काढलेले, ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरं तीच द्यायची. लग्नाआधी करत असलेली नोकरी घरच्यांनी सोडायला लावली होती, आणि मग तिने हे उभं केलं होतं. त्या खात्यावर मूळ पडताळणीची सही माझीच होती; तेव्हा पहिली ऑर्डर यायची होती, म्हणून पार्सल फक्त भरताना पाहिलं होतं.

पहाडगंज मला नवं नाही. वडील नागपूरहून सरकारी नोकरीवर दिल्लीला आले आणि त्यांनी मला तिथल्याच मराठी शाळेत घातलं. स्टेशनामागच्या गल्ल्या मी दप्तर घेऊन पायाखाली घातल्या आहेत. तिथे एका इमारतीत डझनावारी दुकानं असतात, जिना एक, वीजमीटरची पेटी एक आणि घरनंबरही एकच. हे पहाडगंजला ठाऊक असतं, संगणकाला नसतं. रितूच्याच इमारतीतल्या दुसऱ्या एका दुकानाने कधीतरी नकली घड्याळं विकली होती. तेव्हापासून तो पत्ता आमच्या यंत्रणेत लाल झाला होता आणि रितूच्या खात्यावर नजर होती.

अशात एक दिवस डेन्मार्कहून तक्रार आली. एका वयस्क बाईने जुन्या कपाटासाठी मुठी मागवल्या होत्या. तिथल्या कस्टमवाल्यांनी पार्सल उघडलं तर मुठींच्या मधोमध प्लास्टिकची छोटी पिशवी, तिच्यात पांढरे स्फटिक, वर नाव नाही गाव नाही. कस्टमवाल्यांना जे वाटायचं तेच वाटलं. त्यांनी पार्सल अडकवलं, त्या बाईच्या घरी नोटीस गेली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. तपासणीत ती साखर निघाली, पण पार्सलवर फक्त पितळी मुठी असं लिहिलेलं. न सांगता खाद्यपदार्थ घालणं हा गुन्हाच. आमच्या कंपनीत रितूचं खातं त्याच दिवशी गोठलं.

माझा साहेब आदित्य, वयाने माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. त्याने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की खातं कायमचं बंद करायचं आहे, त्यासाठी प्रत्यक्ष भेटीचा अहवाल लागतो, तेवढा लवकर द्या. कायमचं बंद म्हणजे काय, तेही सांगते. असं बंद झालेलं नाव एका सामाईक यादीत जातं आणि ती यादी इतर कंपन्याही बघतात. मग रितूला कुठेच दार उघडलं नसतं. सासऱ्यांच्या गल्ल्यामागे स्टूल टाकून बसणं, एवढंच उरलं असतं.

मी गेले. रितू रडत नव्हती, रागावलेली होती. तिचं एकच म्हणणं होतं, मॅडम, मी असलं काही घातलेलं नाही, माझ्या मुलीची शपथ. मी म्हटलं, शपथा राहू दे, माझ्यासमोर एक पार्सल बांध, रोज बांधतेस तसं. आणि मोबाइल चालू केला.

तिने मुठी एकेक करून कागदात गुंडाळल्या, खोक्यात बसवल्या, फटीत भुसा भरला. साखरेचं नावही नाही. खोकं उघडंच घेऊन ती खाली निघाली. मी विचारलं, चिकटपट्टी? तर म्हणाली, ती खाली असते, खोकं बंद पापाजीच करतात. त्या घराची ती रीतच होती. माल कोणीही भरो, बंद करायचा तो घरातल्या मोठ्याच्या हाताने.

गल्ल्यावर पापाजी बसले होते. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, हातात चिकटपट्टी. त्यांनी रितूला विचारलं, नया है या पुराना? ती म्हणाली, नया. त्यांनी मान हलवली, गल्ल्याखालचा खण ओढला, खडीसाखरेची एक छोटी पुडी काढली, हलक्या हाताने मुठींच्या मधे ठेवली आणि वरून वाकडीतिकडी चिकटपट्टी मारली. माझ्याकडे, मोबाइलकडे बघत, अगदी निवांत. लपवण्यासारखं काही आहे हेच त्यांच्या गावी नव्हतं.

रितूने हात कपाळाला लावला. पापाजी रोज ग्राहक नवा की जुना असं का विचारतात, याचा तिने कधी विचारच केला नव्हता. तिला वाटायचं, म्हातारा धंद्याची चौकशी करतोय; उत्तर देऊन, खोकं ठेवून ती लगेच वर जायची. आतापर्यंतची पार्सलं कस्टमवाल्यांनी उघडली नव्हती म्हणून निभावलं होतं.

मी पापाजींना विचारलं, हे का घालता? त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला.

"बेटा जी, पहला सौदा है," ते म्हणाले. "पहले सौदे में रूखा माल कोई भेजता है क्या?"

मग मी त्यांना डेन्मार्कची हकिगत सांगितली. ऐकताना त्यांनी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली.  मग म्हणाले, "मैंने बहू का काम बंद करवा दिया?" मी नोएडाला येऊन हात जोडतो, कुणाकुणापुढे जोडायचे सांगा, म्हणाले. मी त्यांना बसायला सांगितलं. मला तिथे खरोखर भरून आलं, आणि त्याच वेळी डोक्यात तिडीकही गेली. समोरचा माणूस कधी दिसणार नाही, त्याच्याशी पहिल्यांदा व्यवहार होतोय, म्हणून त्याचं तोंड गोड करायचं. आम्ही ऑफिसात भरवसा भरवसा म्हणून सभा घ्यायचो, पडद्यावर रंगीत आलेख दाखवायचो, आणि त्याच भरवशाची पुडी या माणसाने खणात भरून ठेवली होती. नियमाला धरून नव्हती, हे खरं. पुन्हा असं करायचं नाही हे मी त्यांच्याकडून वदवूनही घेतलं. ते तोंड फुगवून म्हणाले, ठीक आहे, परदेशात नाही जाणार, देशात तर जाईल ना? मी म्हटलं, देशात खुशाल पाठवा.

ऑफिसात मी चित्रफीत दाखवली तर आदित्य खूश. तो म्हणाला, "मॅम, ये तो सबूत है. कैमरे पे डाल रहा है."

एकच चित्रफीत. त्याला त्यात गुन्हा दिसला आणि मला निर्दोषपणा. ज्याला लबाडी करायची असते तो कॅमेऱ्यासमोर, तपासणीला आलेल्या बाईसमोर ती पुडी घालेल का? पण अहवालात एक रकाना होता, प्रकार जाणूनबुजून की अनवधानाने. आदित्यला तिथे जाणूनबुजून हवं होतं. त्याचंही म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. डेन्मार्कच्या कस्टमने आमच्या सगळ्याच पार्सलांवर संशय धरला तर शेकडो दुकानदारांचा माल अडकेल. एका खात्याचा बळी दिला तर आपण कडक आहोत असं दिसेल. त्यात तो पत्ता आधीच लाल. तो मला समजावत होता, मॅम, पत्ताच तसा आहे, यंत्रणा उगाच लाल दाखवत नाही.

पत्ताच तसा आहे. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, फक्त शब्द वेगळे होते. आम्ही नवीन लग्न झाल्यावर गाझियाबादला भाड्याने घर शोधत होतो. खोली पसंत, भाडं पसंत, घरमालकीण बाई अगदी प्रेमाने बोलतायत. मग त्या विचारणार, पूरा नाम? आडनाव सांगितलं की जरा थांबणार, भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोसाठी खिळा मारू का असं विलासने विचारलं की उरलीसुरली शंका फिटणार, आणि संध्याकाळी निरोप येणार की खोली पुतण्याला दिली. त्या भागात घरमालकांना फार पुतणे होते. आम्ही कधी कुणाचं भाडं बुडवलेलं नव्हतं. आम्हाला कोणी तपासलंही नव्हतं, नुसतं नाव ऐकून लाल केलं होतं. त्यामुळे पत्त्यावरून माणूस ओळखणारं यंत्र मला कोणी कौतुकाने दाखवू नये. मला ते जुनंच वाटतं.

मी आदित्यला सांगितलं की मी अनवधानाने असं लिहिणार आणि खातं सुरू ठेवावं असं लिहिणार. तो म्हणाला, मग अहवाल परत येईल. मी म्हटलं, येऊ दे, परत तसाच जाईल. तो वैतागून म्हणाला की तुम्ही फक्त सही करा, मजकूर मी बघतो. तिथे माझा आवाज चढला. मजकूर तुझा आणि सही माझी, हे कसं चालेल? मी जे पाहिलं त्याच्याखाली माझी सही. बाहेर पोरी बघत होत्या. सहीचं ते मंगळसूत्र त्या दिवशी मी गळ्यातून काढून मुठीत धरलं होतं.

घरी विलास म्हणाला, "यार सुनंदा, कशाला नडतेस? थोडेच दिवस राहिलेत नोकरीचे. सही करून टाक, बात खतम."

"तुला ते पुतणे आठवतात का?" मी विचारलं. त्याने माझ्या ताटात आणखी भात वाढला.

आमच्याकडे ग्राहकाला पाठवायची उत्तरं छापील असत. अशा प्रसंगी जाणारं उत्तर होतं, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, संबंधित विक्रेत्याला काढून टाकण्यात आलं आहे. विषय संपला. त्यातला एक शब्द बदलायची मुभा नव्हती. दुसऱ्या दिवशी, अहवालाचा वाद मिटायच्या आतच, ते उत्तर माझ्या संगणकावर मंजुरीसाठी आलं. मी ते पुसलं आणि स्वतःच्या इंग्रजीत लिहिलं. आमच्याकडे पहिला व्यवहार कोरडा करत नाहीत, म्हणून दुकानातल्या वडीलधाऱ्या माणसाने साखर ठेवली, ती ठेवायला नको होती, तुमचा जीव घाबरला याचं त्यांना फार वाईट वाटलं आहे, खोकं ते कसं बांधतात ते तुम्हीच बघा. रितू आणि पापाजींना फोन करून विचारलं, त्यांनी हो म्हटल्यावर चित्रफीत जोडली आणि पाठवून दिलं. विचारपूर्वक, शुद्धीवर असताना पाठवलं. अनवधानाने नव्हे.

दोन दिवस गेले. मग डेन्मार्कहून उत्तर आलं. त्या बाईने तक्रार मागे घेतली होती. तिने लिहिलं होतं की मला कोणीतरी मुद्दाम अडकवतंय असं वाटून मी घाबरले होते, आता मी तो म्हातारा माणूस तीनदा बघितला. आणि विचारलं होतं, मुठी अजून मिळू शकतील का? कपाट तसंच उघडं पडलं आहे. ग्राहकच असं म्हणतो म्हटल्यावर वर बसलेल्यांना खातं बंद करायला कारण उरलं नाही. रितूचं खातं देखरेखीखाली का होईना, सुरू झालं. मुठी गेल्या. पोचल्या.

आणि मला ताकीद आली. ठरीव मजकूर सोडून ग्राहकाशी संपर्क साधल्याबद्दल. ताकीद मिळाल्याची पोच म्हणून खाली डिजिटल सही करायची होती, आणि सहीच्या वर शेरा लिहायला एक चौकट होती. लोक ती रिकामी सोडतात किंवा क्षमस्व लिहितात. मी तिच्यात मराठीत लिहिलं, मिळाली, मान्य नाही. यंत्र लावलं, आकडा घातला आणि सही केली. माझ्या अख्ख्या नोकरीतली सगळ्यात समाधानाची सही ती.

त्यानंतर लवकरच मी निवृत्त झाले. माझ्यानंतर प्रत्यक्ष भेटी बंद झाल्या. आता दुकानदार स्वतःच फोटो पाठवतो, यंत्र बघतं, यंत्र ठरवतं. वेगवान आहे, मान्य. पण त्या यंत्राने पत्त्यावरून किती रितू घरी बसवल्या असतील, या विचाराने मला अजून चडफड होते. पंखा कुठलं बटण दाबल्यावर लागतो हे तिथे आता कोण विचारणार?

या दिवाळीच्या तोंडावर आदित्यचा फोन आला. गोड बोलत होता. परदेशातल्या काही ग्राहकांना अजूनही माणसाने तपासलेलं खातंच हवं असतं, म्हणून कंपनी जुन्या अधिकाऱ्यांना घरबसल्या काम देणार होती. फोटो येतील, त्यावर सही करायची. मानधन चांगलं होतं. मी विचार करते म्हणाले, आणि विलास आनंदाने हिशोबाला लागला की गच्चीवर पत्रा टाकता येईल.

त्याच दुपारी पार्सल आलं. पहाडगंजहून. आत आमच्या दारासाठी जाडजूड पितळी मूठ होती. खोक्याच्या वरच्या चिठ्ठीवर रितूच्या टापटीप अक्षरात लिहिलं होतं, पितळी मूठ, एक. त्याखाली, खडीसाखर, खाद्यपदार्थ, घातली आहे. आणि चिकटपट्टी वाकडी होती, म्हणजे खोकं पापाजींनीच बंद केलं होतं.

मी एक खडा तोंडात टाकला आणि आदित्यला फोन लावला. म्हटलं, करते काम, पहिल्या दुकानाचा पत्ता पाठव, उद्या जाऊन बघून येते.

"मॅम, अब कोई जाता नहीं," तो म्हणाला. "सिर्फ आपके साइन चाहिए."

"जाना नहीं, तो साइन भी नहीं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. विलास पेचकस घेऊन दारात उभा होता. आम्ही जुनी मूठ काढली आणि नवी बसवायला घेतली.